शेवटची चार पानं

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या वाचनालयात नारायण धारपांचं पुस्तक धड कधी हाती लागायचं नाही. नेहमी कुणीतरी नेलेलं. परत आलंच, तर शिवण उसवलेली आणि शेवटची चार पानं गायब! बाकी गोष्ट मग रात्री अंथरुणात आपली आपणच पुरी करायची. ती धारपांपेक्षा भयंकर व्हायची.

धारपांचा जन्म १९२५चा. शिकले विज्ञान, लिहिल्या भयकथा, आणि विज्ञानकथाही. २००८ साली गेले तोवर पुस्तकांची संख्या शंभरावर गेली होती. समीक्षकांनी त्यांची फारशी दखल घेतली नाही. वाचनालयांच्या नोंदवह्यांनी मात्र घेतली.

त्यांचं भूत मला कधीच आरडाओरडा करणारं वाटलं नाही. साधं बिऱ्हाड, नोकरदार माणूस, जिन्याखालची बंद खोली. पानंच्या पानं काही घडतच नाही, आणि आपण मात्र दिवा मालवायला कचरतो. वाईट शक्तींशी झुंजणाऱ्या नायकाचं नाव त्यांनी ठेवलं ‘समर्थ’. मराठी वाचकाला त्या नावातच अर्धा धीर मिळतो.

आता उसनवारीबद्दल. धारपांच्या ‘लुचाई’च्या मागे अमेरिकन भयकथाकार स्टीफन किंगची ‘सालेम्स लॉट’ आहे, ‘शपथ’च्या मागे ‘इट’. काहींना हे कळल्यावर धारप उतरल्यासारखे वाटतात. मला नाही वाटत. अमेरिकेतल्या गावातली भीती उचलून मराठी घरात आणायची आणि ती तिथलीच वाटायला लावायची, हे नुसत्या भाषांतराचं काम नव्हे.

दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांचंच बघा. ‘थँक यू मिस्टर ग्लाड’ लिहिणाऱ्या अनिल बर्व्यांचे हे चिरंजीव. नव्वदच्या दशकात नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्रानं त्यांना धारपांची एक गोष्ट सांगितली. ती अशी काही मानगुटीवर बसली की २०१८ साली तिचा ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट झाला. गोष्टीचं मूळ किंगच्या ‘ग्रॅमा’, म्हणजे ‘आजी’, या कथेत असल्याचं त्यांना पुढे कळलं. चित्रपटाचं नाव आलं श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून. म्हणजे किंगची म्हातारी धारपांच्या हातून मराठी झाली, रानात तोंडी फिरली आणि कोकणातल्या पावसात हिंदी बोलू लागली.

धारपांच्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या निघाल्या आहेत. परवा एक घेऊन आलो. शेवटची चार पानं आहेत की नाहीत, ते दुकानातच बघून घेतलं.