गंगावेशीतला दुधाचा पेला

[दृश्य : गंगावेशीचा दूध कट्टा, पहाट. बादलीत धार पडल्याचा आवाज.]

निवेदन :

कोल्हापूर. म्हैस रस्त्याच्या कडेला उभी आणि गिऱ्हाईक पेला घेऊन तिच्या शेजारी. "घ्या की पाव्हणं, फेस बसायच्या आत प्या." दूध अजून म्हशीच्या अंगाइतकंच गरम आहे. तालमीतली पोरं एका दमात पेला रिकामा करतात आणि ओठांवरचा फेस पुसत चालू लागतात.

या पेल्यातल्या प्रथिनांमध्ये सगळ्यात मोठा वाटा केसिनचा. केसिन कसं बनवायचं ते म्हशीच्या जनुकांत लिहिलेलं असतं. पण हा मजकूर काही फक्त कासेत नसतो. खुराच्या मुळाशी, शेपटीच्या कातडीत, जिभेवर, तिथल्या पेशींतही तो अक्षर न अक्षर तसाच असतो. तरी दूध येतं ते कासेतूनच. प्रथिनांच्या अभ्यासाची मला ओढ लागली ती इथं.

म्हैस व्याली की कासेतल्या पेशींत केसिनची जनुकं जोरात कामाला लागतात. डीएनए जागचा हलत नाही. त्याची नक्कल उतरवली जाते, तिला संदेशवाहक आरएनए म्हणतात. ती नक्कल रायबोसोमकडे, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राकडे जाते आणि रायबोसोम ती तीन-तीन अक्षरांनी वाचतो. दर तीन अक्षरांना एक अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतला एक दुवा. कोल्हापुरी साजात जशी वेगवेगळी पानं एकामागं एक ओवतात, तशीच ही वीस प्रकारची पानं ओवली जातात. कोणत्या तीन अक्षरांना कोणतं पान, हे कोडं उलगडणाऱ्यांत हरगोविंद खुराना होते. त्यासाठी त्यांना १९६८ साली नोबेल मिळालं.

[दृश्य : पेल्यातल्या दुधाचा जवळून घेतलेला शॉट.]

आता एकच पान जवळून बघू. बीटा-केसिन हा केसिनचाच एक प्रकार, त्याच्या साखळीत २०९ पानं. म्हशीच्या दुधात त्यातलं ६७वं पान प्रोलीनचं असतं. काही गाईंमध्ये मात्र त्या जागी हिस्टिडीन येतं. का, तर जनुकात 'सीसीटी'च्या ऐवजी 'सीएटी' आहे. एक अक्षर! दुकानात ए-वन (हिस्टिडीनवालं) आणि ए-टू (प्रोलीनवालं) म्हणून ज्या दुधाची चर्चा चालते, तिचं मूळ या एका अक्षरात आहे.

जनुक वाचलं म्हणजे सगळं कळलं, असंही नाही. केसिनची साखळी तयार झाल्यावर पेशी तिच्यावर जागोजागी फॉस्फेट चिकटवते. त्याच्या आधारानं कॅल्शियम धरून ठेवलं जातं, केसिनचे बारीक पुंजके होतात आणि त्यांच्यावरून प्रकाश विखुरला की दूध पांढरं दिसतं. म्हणून खुद्द प्रथिनंच तपासावी लागतात, तीही हजारोंनी एकदम.

त्यासाठी ट्रिप्सिन नावाचं विकर (एन्झाइम) घालतात. ते ठरावीक दोनच पानांच्या पुढं साखळी तोडतं. तुकड्यांना विद्युतभार देऊन मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये सोडतात आणि यंत्र त्यांचं वजन काढतं. प्रोलीनपेक्षा हिस्टिडीन जड, साधारण हायड्रोजनच्या ४० अणूंइतकं. एवढासा फरकही यंत्राला स्वच्छ दिसतो. मग ही वजनं जनुकांवरून काढलेल्या यादीशी ताडून तुकडा कोणत्या प्रथिनाचा ते ओळखतात. एवढे मोठे रेणू न मोडता यंत्रात उडवायचे कसे, हे दाखवल्याबद्दल जॉन फेन आणि कोइची तानाका यांना २००२ साली नोबेल मिळालं.

खरी अडचण गर्दीची. चैत्री यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर सगळेच गुलालात न्हालेले असतात, त्यात आपला माणूस शोधायचा म्हणजे काय, ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. आजार शोधायला रक्त तपासतात, तेव्हा हेच होतं. रक्तद्रवातल्या प्रथिनांत निम्म्याहून जास्त अल्ब्युमिन हे एकटंच प्रथिन. आजाराची पहिली खूण सांगणारं प्रथिन त्या गर्दीत कुठंतरी चिमूटभर असतं. म्हणून आधी गर्दी बाजूला काढतात, मग शोध सुरू होतो.

माणसात प्रथिनं बनवणारी जनुकं वीस हजारांच्या घरात. २०१४ साली मानवी प्रथिनांचे पहिले कच्चे नकाशे आले, त्यातल्या एका कामात बेंगळुरूचे शास्त्रज्ञ होते. प्रथिनाची साखळी कशी दुमडून कोणता आकार घेते, याचा अंदाज आता संगणक बांधतो. २०२२ पर्यंत अल्फाफोल्ड या संगणक प्रणालीनं वीस कोटींहून जास्त रचना मांडल्या.

[दृश्य : पुन्हा कट्टा. रेडकू कासेला ढुसण्या देतंय.]

इकडं कट्ट्यावर पुढची म्हैस आली आहे. गवळी रेडकू सोडतो आणि थांबतो. म्हशीच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक (हार्मोन) रक्तात उतरतं. अवघ्या नऊ पानांची साखळी, तीही जनुकातूनच आलेली. ती कासेपर्यंत पोचते आणि सड ताठरतात.

"पान्हा आला बघा," गवळी म्हणतो आणि बादली पुढं सरकवतो.