डेल्को, पॉइंट आणि खडूची खूण

एप्रिल महिना, कामठी रोड. सकाळचे नऊच वाजलेत, पण ऊन डोळ्यांत खुपायला लागलंय. गॅरेजचं शटर अर्धं वर, समोर ही जुनी मारुती व्हॅन. मालक कूलर बसवून देतात. नागपुरात कमाईचे महिने हेच. मागे वाळ्याच्या ताट्या तशाच भरलेल्या. गाडी चढावर ओढत नाही, एवढीच तक्रार.

पुढची सीट उलटवली की खाली इंजिन. 796 सीसी, तीन सिलिंडर. ही व्हॅन 1984 साली आली, 2019 मध्ये बंद झाली. पॉइंटवाली, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या धातूच्या टोकांची इंजिनं तर त्याच्या कितीतरी आधीच गेली. इथं कॉम्प्युटर नाही. ठिणगी कधी पडायची ते डेल्को, म्हणजे डिस्ट्रिब्यूटर ठरवतो, आणि डेल्को कुठं बसवायचा ते मिस्त्रींचा हात.

आधी पॉइंट. जळून काळे पडलेत, म्हणून पॉलिश पेपरनं घासले. मग फट मोजायच्या फीलर गेजची पाती. फट 0.4 ते 0.5 मिलिमीटर, पाती किंचित अडकत बाहेर यायला हवी. फट बदलली की टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळही हलते. म्हणून हे काम पहिलं. घाईत टायमिंग आधी लावणारे पुष्कळ आहेत.

आता पहिल्या सिलिंडरचा प्लग काढलाय, भोकावर अंगठा. पोरगा पान्यानं इंजिन फिरवतोय. अंगठ्याकडे बघा, आतली हवा त्याला वर ढकलतेय. पिस्टन दाब घेत वर येतोय. खिडकीतून फ्लायव्हीलवरची खूण सरकत येते, खडूनं पांढरी केलेली.

"बस, पोट्ट्या. आता हलवू नको."

पिस्टन टॉपच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या टोकाच्या जरा अलीकडेच थांबवला. पेट्रोल जळायला वेळ लागतो, म्हणून ठिणगी आधी पडावी लागते.

डेल्कोचा बोल्ट ढिला. बल्बची एक तार डेल्कोच्या वायरला, दुसरी बॉडीला. स्विच ऑन. मिस्त्री डेल्को केसभर फिरवतात, परत आणतात, पुन्हा फिरवतात. पॉइंट सुटला त्या क्षणी बल्ब लागला. तीच जागा. बोल्ट आवळला.

इंजिन सुरू. टायमिंग लाइट दर ठिणगीला लुकलुकतो, त्याच्या उजेडात बघा: फ्लायव्हील मिनिटाला नऊशेच्या आसपास फेरे घेतंय, आणि खडूची खूण जागच्या जागी उभी.

ठिणगी लवकर पडली तर इंजिन टकटकतं, उशिरा पडली तर तापतं आणि पेट्रोल खातं.

सदरचा उड्डाणपूल. तिसरा गिअर, मागे ताट्या. मिस्त्रींनी काच खाली घेतलीय, कान इंजिनकडे.