क्रूसावरचं नाव

श्रोतेहो, नमस्कार.

युद्धाला विरोध करणारी माणसं आपापसातही भांडतात, आणि तेही कडाकडा. आज अशाच एका भांडणाबद्दल बोलायचंय. २००३ साली अमेरिकेनं इराकवर हल्ला केला. कारण सांगितलं महासंहारक शस्त्रांचं. ती काही सापडली नाहीत. मी त्या युद्धाच्या विरोधात होतो, आजही आहे. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं ऐकून कुणीतरी मला पलीकडच्या पंगतीत बसवायचं.

तर ऑगस्ट २००५. टेक्सासमधलं क्रॉफर्ड गाव. राष्ट्राध्यक्ष बुश तिथं आपल्या रँचवर सुट्टीला आलेले. सिंडी शीहान नावाची एक आई त्या वाटेवर रस्त्याच्या कडेलाच तळ ठोकून बसली. तिचा केसी, वय वर्षं चोवीस, ४ एप्रिल २००४ रोजी बगदादच्या सद्र सिटीत मारला गेला होता. तिचं मागणं एवढंच, की बुशसाहेबांनी भेटावं आणि माझा मुलगा कशापायी गेला ते सांगावं. ऑगस्टातलं टेक्सासचं ऊन, पण बघता बघता माणसं जमली. युद्धविरोधी माजी सैनिकांनी रस्त्याकडेला पांढरे क्रूस ओळीनं रोवले. क्रूसावर नाव, इराकमध्ये पडलेल्या सैनिकाचं.

एका रात्री एकजण पिकअपच्या मागं साखळी आणि पाइप बांधून आला आणि त्या ओळीवर गाडी घातली. शेकडो क्रूस आडवे! पोलिसांनी त्याला पकडलं. त्याच्याबद्दल वादच नाही, शुद्ध हलकटपणा. मला सांगायचंय ते दुसऱ्याच माणसाचं.

टेक्सासमधलाच एक बाप. मुलगा मरीन, म्हणजे अमेरिकेच्या मरीन दलाचा सैनिक, इराकमधल्या फलुजा शहरात मारला गेलेला. बाप आला, त्यानं पोराच्या नावाचा क्रूस शोधला, उपटला आणि घेऊन गेला. आंदोलकांनी त्याच नावाचा दुसरा रोवला. तो परत आला, परत उपटला. परत नवा! हा परत हजर! गावात युद्धाच्या बाजूचा एक तळ उभा राहिला होता, तिथं त्यानं तो नेऊन लावला.

श्रोतेहो, त्या बापाचं मत मला पटत नाही. पण नाव त्याच्या पोराचं होतं. पुन्हा सांगतो, मत पटत नाही, पण नाव त्याच्या पोराचं. (आपल्याकडे जवानाच्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर जवान एवढासा आणि भाऊ-दादा केवढाले! ते कुणी उपटत नाही. असो.)

माझे युद्धविरोधी मित्र म्हणतात, परत येणाऱ्या सैनिकांच्या शवपेट्यांचे फोटो काढायला अमेरिकेत १९९१ पासून बंदी होती, ती उठली २००९ मध्ये. सरकारच मेलेले झाकून ठेवत होतं, तर ते दाखवायचे तरी कसे? खरंय. मग क्रूस कोरे रोवा, हवे तितके रोवा. नाव लिहायचं तर घरच्यांना विचारा. आधी विचारा, मग लिहा.

आता घरचे म्हणजे कोण? केसीच्याच वडिलांकडच्या आजी-आजोबांनी, काका-आत्यांनी त्याच महिन्यात कळवलं की सिंडीची ही तऱ्हा आम्हाला मान्य नाही, आम्ही सैन्याच्या आणि राष्ट्राध्यक्षांच्या पाठीशी आहोत. एकच केसी, आई म्हणते नाव राहू दे, आजीला ही तऱ्हाच मान्य नाही. मी आईच्या बाजूचा. पण त्या बापाला दिलेला हक्क आजीला कुठल्या तोंडानं नाकारू?

तुमचं मत पत्रानं कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवू. नमस्कार.