मार्गिटची काठी खाली कधी येणार? एल्डन रिंगची मारामारी आणि ग्राफिक्स

ही जी काठी वर गेलीये ना, ती अजून खाली आलेली नाही. बघत राहा. अजून नाही. आणि आत्ता आली. तोपर्यंत आपला प्लेअर घाबरून दोनदा रोल मारून (म्हणजे लोळण घेऊन), स्टॅमिना म्हणजे दम संपवून, बरोब्बर तिच्याखाली येऊन उभा राहिलाय.

हा मार्गिट, एल्डन रिंग ह्या व्हिडिओ गेममधला एक बॉस, म्हणजे मोठा, खास दुश्मन. स्टॉर्मवेल किल्ल्याकडे जाणाऱ्या पुलावर वाट अडवून असतो. 25 फेब्रुवारी 2022 ला एल्डन रिंग आला आणि तेव्हापासून जगात जेवढे कंट्रोलर गादीवर आपटले गेले असतील त्यातले निम्मे तरी ह्याच्या खात्यावर लिहायला हरकत नाही.

बनवणारी कंपनी टोकियोची, फ्रॉमसॉफ्टवेअर. 1986 ला सुरू झाली तेव्हा हे लोक ऑफिसच्या कामाची सॉफ्टवेअर बनवायचे, खरंच. 1994 ला प्लेस्टेशनवर किंग्ज फील्ड काढला आणि तिथून तलवार, ढाल, अंधारी भुयारं हा जो नाद लागला तो काही सुटला नाही. 2009 ला डीमन्स सोल्स, 2011 ला डार्क सोल्स, दोन्हीचा डायरेक्टर हिदेताका मियाझाकी, आणि एल्डन रिंगचाही तोच.

आता ग्राफिक्स. नुसतं टेक्निकली विचाराल तर ठीकठाक. पीसीवर हा गेम 60 एफपीएसच्या, म्हणजे सेकंदाला 60 चित्रांच्या वर जातच नाही, मग तुम्ही लाखभराचं कार्ड लावा नाहीतर अजून काही लावा, लाँचच्या वेळी पीसीवर चालता चालता अडकायचा त्याची बोंब तर सगळीकडेच झाली होती, आणि रे ट्रेसिंग, म्हणजे उजेड-सावल्या खऱ्यासारख्या दाखवायची सोय, आली ती थेट मार्च 2023 च्या अपडेटमध्ये, तीही ऑन केल्यावर "हां, सावल्या जरा बऱ्या दिसतायत" एवढंच. माणसांचे चेहरे आणि जवळून दिसणारं गवत बघितलं तर त्या काळातले दुसरे गेम सरळ पुढे आहेत.

आणि तरी लिमग्रेव्हमध्ये, म्हणजे गेमच्या सुरुवातीच्या भागात, ते पहिलं दार ढकलून बाहेर आलं की माणूस गप्प होतो. समोर ते सोन्याचं झाड, एर्डट्री, आभाळाएवढं. ते नुसतं शोभेचं नाहीये बरं का. वाट दाखवणाऱ्या खुणा मोजक्याच, कामांची यादी नाही, त्यामुळे तुम्ही कुठल्या कोपऱ्यात आहात ते बऱ्याचदा त्या झाडाकडे बघूनच कळतं. किंवा हे सिओफ्रा नावाचं ठिकाण. जंगलातल्या एका विहिरीत लिफ्ट आहे, ती खाली जाते, जाते, जातच राहते, आता काहीतरी गडबड आहे असं वाटायला लागतं, आणि खाली उतरलो तर जमिनीच्या पोटात चांदण्यांनी भरलेलं आभाळ! ह्याला पॉलिगॉन, म्हणजे चित्र बनवणारे बारके आकार, किती लागले ह्याच्याशी कुणाला घेणंदेणं नसतं.

पण आपला मुद्दा मारामारीचा आहे, आणि माझं म्हणणं असं की ह्या गेममध्ये ग्राफिक्स कसे आणि कॉम्बॅट कसा हे दोन वेगळे प्रश्नच नाहीयेत. दुश्मन जे काही करणार आहे ते तुम्हाला फक्त त्याच्या अंगाकडे बघून कळतं. स्क्रीनवर वॉर्निंग येत नाही, लाल गोल येत नाही, "आता बटण दाबा" येत नाही. खांदा वळला, पाय मागे गेला, हत्यार उचललं, एवढंच. तुमच्याकडे काय आहे? हिरवी स्टॅमिनाची पट्टी आणि रोल. रोल मारताना अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ असा असतो की तलवार अंगातून आरपार गेली तरी लागत नाही. सगळी मदार त्या तेवढ्या वेळावर. चिलखत, हत्यारं मिळून वजन 70 टक्क्यांच्या वर गेलं की तोच रोल पोतं पडल्यासारखा होतो, त्याला पब्लिक फॅट रोल म्हणते, आणि मग मार्गिटसमोर जाऊच नका.

कारण मार्गिट रिफ्लेक्सवर खेळणाऱ्यालाच पकडतो. क्रिकेट बघणाऱ्यांना लगेच कळेल, बोलर रनअप तोच घेतो, हात तसाच फिरवतो आणि बॉल मात्र स्लोअर निघतो, बॅट्समन आधीच खेळून बसलेला. मार्गिटची काठी वर जाऊन थांबते ते ह्याच्यासाठीच. वर गेली की रोल मारायचा नाही, खाली यायला लागली की मारायचा. ऐकायला सोपं आहे, पण बोटाला हे समजावायला संध्याकाळ जाते. आणि इथेच एक गंमत आहे ती स्लो करून दाखवतो. त्याच्या मोकळ्या हाताकडे बघा. तिथे सोनेरी उजेड जमायला लागला, म्हणजे आता खंजीर. तुम्ही लांब पळून लाईफ भरणारा फ्लास्क प्यायला जाता तेव्हा हाच खंजीर उडत येतो. लाईफ अर्ध्यावर आली की त्याच उजेडाचा हातोडा होतो. म्हणजे तो जो चकचकीत इफेक्ट आहे ना, ज्याला आपण "काय भारी दिसतंय" म्हणतो, ती खरं तर तुम्हाला दिलेली सूचना आहे. एक शॉर्टकटही आहे, पॅचेस नावाच्या एका भामट्याकडे मार्गिटची बेडी विकत मिळते, ती वापरली की हा काही क्षण जमिनीला खिळतो. चीटिंग वगैरे काही नाही, गेमनेच दिलीये, बिनधास्त वापरा.

मलेनिया ही दुसरी बॉस मात्र वेगळंच प्रकरण. तिचा घाव लागला की तिची लाईफ भरते, आणि ढालीवर घेतला तरी भरते, म्हणजे डार्क सोल्सपासून ढालीमागे लपून खेळणारी जी जमात आहे तिचा धंदाच बंद. ती हवेत उडी घेते, क्षणभर तशीच लटकते, आणि मग वॉटरफाउल डान्स, तलवारीच्या पात्यांचं नुसतं वादळ. ते लटकणं दिसलं त्या क्षणी पळायचं. दिसायला गेममधली सगळ्यात सुंदर मूव्ह, आणि बघत बसलात तर मेलात. लोक इतके वैतागले की ऑनलाइन "लेट मी सोलो हर" नावाचा एक प्लेअर हिरो झाला, डोक्यावर मडकं, अंगावर जवळजवळ काही नाही, दोन हातात दोन कताना (जपानी तलवारी), तुम्ही बोलावलं की येणार आणि तिला एकटा लोळवून जाणार. त्याला तिची प्रत्येक हालचाल पाठ.

सगळंच जमलंय असं नाही. लॉक-ऑन करून, म्हणजे कॅमेरा एका दुश्मनावर खिळवून, मोठ्या प्राण्याजवळ गेलात की कॅमेऱ्याचा पार बट्ट्याबोळ होतो. अघीलसारखा ड्रॅगन असेल तर स्क्रीनभर त्याचं पोट आणि पाय, डोकं कुठे, आग कुठून येणार, काही पत्ता नाही. ज्या गेममध्ये बघण्यावरच सगळं आहे तिथे बघूच दिलं नाही तर काय खेळायचं माणसाने?

आणि हे सगळ्यात जास्त झोंबलं ते 21 जून 2024 ला आलेल्या शॅडो ऑफ द एर्डट्री ह्या जोडभागात. शेवटचा बॉस कोण ते सांगतोय, खेळायचं बाकी असेल तर मिनिटभर कान बंद करा. मूळ गेममधला बॉस राडान परत येतो, दुसऱ्या फेजमध्ये, म्हणजे लढाईच्या दुसऱ्या टप्प्यात, त्याच्या पाठीवर मिकेला नावाचं पात्र, आणि प्रत्येक घावाच्या मागोमाग वरून उजेड कोसळतो. पांढरा, सोनेरी, स्क्रीन भरून. त्या झगमगाटात तलवार कुठे आहे तेच दिसेना. मार्गिटकडून मरताना लोक स्वतःला शिव्या घालायचे, इथे गेमला घालायला लागले. सप्टेंबर 2024 च्या पॅचमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या अपडेटमध्ये, फ्रॉमसॉफ्टवेअरने त्याच्या काही घावांचं डॅमेज कमी केलं, आणि त्याच यादीत आणखी एक ओळ होती, काही अटॅकचे इफेक्ट नीट दिसतील असे केलेत म्हणून. आता ही पॅचनंतरची क्लिप बघा. उजेड पडतोच आहे, राडान अजूनही धुतोच आहे, पण त्या उजेडातून तलवारीची कड दिसते, आणि प्लेअरने रोल मारलाय तो तिच्याकडे बघून.