चेहरा एकच का असतो?

नमस्कार श्रोतेहो.

मोबाइलवर व्हिडिओ रंगात येतो आणि मध्येच जाहिरात उगवते. नाकात नळी घातलेलं बाळ, शेजारी हात जोडलेली आई, खाली लाखांतली रक्कम. अशी बाळं देशात कितीतरी असतील. मग चेहरा एकच का?

याचं मोजमाप अमेरिकेत झालेलं आहे. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेन्स्टाइन आणि पॉल स्लोव्हिक यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. प्रश्नावली भरून देणाऱ्यांना त्यांनी ५ डॉलर दिले, सगळ्या एकेकाच्या नोटा. मग मदतीचं आवाहन आणि एक पाकीट हातात ठेवलं. काहींच्या कागदावर आफ्रिकेतल्या उपासमारीचे आकडे होते. त्यांनी पाकिटात सरासरी १.१४ डॉलर घातले. काहींना मालीतल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीचा फोटो आणि चार ओळी मिळाल्या. त्यांनी दिले २.३८. तिसऱ्या गटाला रोकियाही दाखवली आणि आकडेही. आता रक्कम वाढायला हवी ना? ती आली १.४३ वर! हिशेबाला बसलेलं मन पाघळत नाही. आधी नुसती गणितं सोडवायला लावलेल्यांचाही रोकियासाठी हात आखडला.

म्हणून जाहिरातीत आकडेवारी गाळतात. चेहरा जवळून, नजर थेट तुमच्याकडे. हसरा चेहरा चालत नाही, उदास चेहऱ्याला जास्त पैसे येतात. सोबत नाव, वय आणि ‘वेळ फार थोडा आहे’. मागायचं मात्र थोडंच, रोजच्या एका चहाइतकं, म्हणजे नाही म्हणताना आपलीच आपल्याला लाज वाटते. हे कसब आहे, लबाडी असेलच असं नाही. बाळ खरंच आजारी असू शकतं.

बिघडतं ते पुढे. तेच तेच रडू पाहून लोक बोटानं जाहिरात सरकवतात, मग पुढची आणखी भडक करावी लागते. त्या बाळाची संमती तर कुणी घेऊच शकत नाही. आपल्याकडे जाहिरातींच्या स्वनियमन संस्थेनं २०२३ मध्ये याबाबत नियम केले: न देणाऱ्याला अपराधी वाटायला लावू नये, अंगावर येणारी दृश्यं दाखवू नयेत, आणि चेहरा एकाचा पण पैसा दुसऱ्यासाठीही वापरला जाणार असेल तर तसं स्पष्ट सांगावं.

तेव्हा बटण दाबण्याआधी बारीक अक्षरं वाचा. पैसे रुग्णालयाच्या खात्यात जाणार की कुणा व्यक्तीच्या? व्यक्तीला दिलेल्या मदतीवर देणगीसाठीची आयकर सवलत नसते. नोंदणीकृत संस्थेला दिली तरी २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती मिळत नाही. आणि काही संकेतस्थळांवर शेवटच्या पानावर ‘टिप’चा रकाना आधीच भरलेला असतो. ती रक्कम बाळाला नव्हे, संकेतस्थळाला जाते. नको असेल तर तिथे शून्य करता येतं का, ते पाहा.