११२ आणि १०

(कॅनडातल्या आमच्या मराठी मंडळाच्या गुढीपाडवा मेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं आवरून.)

नमस्कार मंडळी.

अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. पण मागे श्रीखंडाचे डबे उघडल्याचा आवाज आलाय, तेव्हा माझी खरी मुदत किती ते मला कळलं. विषय दिला होता 'परदेशातील मराठी स्त्रीची वाटचाल'. मी हो म्हणाले, घरी गेले आणि त्याच आठवड्यात आमच्याकडे भांडण झालं. वाटचाल बाजूला राहिली. आज भांडणच सांगते.

निमित्त झालं इलेक्ट्रिकल पॅनलचं. बेसमेंट भाड्याने द्यायचं, म्हणून पॅनल बदलायला घेतलं. काम करायला तिशीतली एक मुलगी आली, सोबत एक मदतनीस पोरगा. माझा नवरा सांगलीच्या वालचंदचा बीई इलेक्ट्रिकल. तो पूर्णवेळ तिच्या मागे उभा, हातात चहाचा कप आणि तोंडात ओहमचा नियम. तिने बराच वेळ ऐकून घेतलं आणि मग अगदी अदबीने म्हणाली, "सर, थिअरी बरोबर आहे तुमची. जरा बाजूला व्हाल का, मला मेन बंद करायचाय."

आमची सई जिन्यात बसून हे सगळं बघत होती. अकरावीत आहे. रात्री जेवताना म्हणाली, मला हे करायचंय. आम्हाला वाटलं, पॅनल बदलून बघायचंय. तर नाही, तिला इलेक्ट्रिशियन व्हायचंय. शाळेत ओयापची माहितीसुद्धा काढून झाली होती. ज्यांची मुलं अजून लहान आहेत त्यांच्यासाठी सांगते, अकरावी-बारावीतच अप्रेंटिसशिप सुरू करता येते, त्या योजनेला इथे ओयाप म्हणतात. पुढे आपल्या ओंटारियो प्रांतात इलेक्ट्रिशियनचं लायसन्स मिळेपर्यंत ९,००० तास भरावे लागतात. त्यातले ७२० तास वर्गात, बाकी सगळे कामावर, आणि कामावरच्या तासांचा पगार मिळतो.

मग जे व्हायचं ते झालं. नवरा म्हणाला, "त्यासाठी का सगळं सोडून आलो इथे?" मी म्हणाले, आधी डिग्री घे, मग काय हवं ते कर. हे वाक्य माझ्या आईचं आहे, तिच्या आईचंही असेल. सईचा आवाज चढला नाही. तिने मला विचारलं, "आई, तुझी डिग्री व्हिसासाठीच होती ना?"

मंडळी, मी एमएस्सी मायक्रोबायोलॉजी आहे. पुण्यात एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करत होते. विद्यापीठाच्या खिडकीसमोर ट्रान्स्क्रिप्टसाठी, म्हणजे अधिकृत गुणपत्रकासाठी, उभी राहिले आहे. पाकिटाच्या झडपेवर शिक्का मारायला सांगायचा राहिला म्हणून पुन्हा उभी राहिले आहे. तुम्ही हसताय म्हणजे तुम्हीही तिथेच होतात. एवढं करून मला या प्रश्नाचं उत्तर आलं नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, खवचटपणा नव्हता हो त्यात. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

हिशेबाने बघितलं तर पोरीचं चुकत नव्हतं. एक्स्प्रेस एन्ट्री, म्हणजे गुणांवर कॅनडात स्थायिक व्हायला घेणारी सरकारी योजना, तिचा तक्ता काही जणांना अजून पाठ असेल. जोडप्याने अर्ज केला की मुख्य अर्जदाराच्या पदवीला ११२ गुण. जोडीदाराच्या शिक्षणाला, मग ती मास्टर्स असो की पीएचडी, फार तर १०. आमच्या घरात नवऱ्याच्या बीईचे ११२ आणि माझ्या एमएस्सीचे १०. उलट केलं असतं, तर माझे १२६ आणि त्याचे ८. म्हणजे शिक्षणाच्या रकान्यात १२ गुण जास्तच. साधी बेरीज आहे, पण करून बघायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही. मुख्य अर्जदार नवरा, हे आमच्या लग्नाच्या पत्रिकेवरच छापलं होतं जणू.

आणि मुख्य अर्जदाराचं तरी काय झालं? आला तो आधी गोदामात खोकी लावायला. ओंटारियोत लायसन्स असल्याशिवाय स्वतःला इंजिनियर म्हणवणं कायद्याने गुन्हा आहे. गावी कोरेगावात अजून 'इंजिनियरसाहेब आले का' असं विचारतात आणि साहेब इथे मिसिसागात बिझनेस कार्ड छापताना शब्द शोधत बसलेले असतात. लायसन्ससाठी तेव्हा कॅनडातला अनुभव लागायचा आणि अनुभवासाठी आधी कुणीतरी नोकरी द्यायला हवी. ती अट इंजिनियरांच्या संस्थेने २०२३ मध्ये काढली. तोपर्यंत नवरा प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर झाला होता, घरावर कर्ज होतं, आणि पुन्हा पुस्तकं काढून बसायची उमेद संपली होती.

त्याच्या ऑफिसात बऱ्याच जणांच्या करंगळीत लोखंडी अंगठी असते. इथल्या इंजिनियरांना शिक्षण संपताना एका विधीत ती मिळते. १९२५ पासूनची पद्धत आहे. त्या विधीचे शब्द लिहिणारे गृहस्थ, रुडयार्ड किपलिंग, जन्मले मुंबईत, जेजे स्कूल ऑफ आर्टच्या आवारात. हे कळल्यावर नवरा म्हणाला, "म्हणजे आपल्याकडचाच माणूस." बस, एवढंच म्हणाला.

हे रडगाणं एकट्या आमच्या घरचं असतं, तर मी इथे गायले नसते. २०२१ च्या जनगणनेत दिसलंय, की परदेशातली पदवी घेऊन इथे काम करणाऱ्यांपैकी चौथ्या हिश्शाहून जास्त लोक, फार तर बारावी पुरे अशा कामांवर आहेत. इथे शिकलेल्या पदवीधरांपेक्षा हे प्रमाण दुप्पट. या सभागृहात आज किती माणसं आहेत ते तुम्हीच मोजा. मी मोजणार नाही, पुढच्या मेळाव्याला मलाही यायचंय.

आणि 'आपल्याकडे तरी शिक्षणाची कदर आहे' असं कुणी म्हणणार असेल, तर माझ्या भावाला फोन लावून देते. प्राध्यापकीची सेट परीक्षा झालेला, पीएचडी झालेला. सांगली जिल्ह्यातल्या कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवतो. जितके तास तितके पैसे, मे महिन्यात शून्य. वर्गात सगळे 'सर' म्हणतात, घरी वहिनीच्या शिवणकामावर महिन्याचा किराणा भरतो. इथे आपली पदवी ओळखत नाहीत म्हणून आपण कुढतो. तिथे ओळखतात, दाराशी हारतुरे घालतात आणि तासावर ठेवतात.

आता न्याय म्हणून दुसरी बाजूही सांगते, नाहीतर घरी गेल्यावर तुमची मुलं माझं नाव पुढे करतील. सरासरी काढली तर इथेही पदवीधराची कमाई जास्तच भरते. डॉक्टर व्हायचं तर पदवीला दुसरा रस्ता नाही. मी पदवीच्या विरोधात बोलत नाहीये. पण त्या सरासरीत मी नाही आणि माझा भाऊही नाही. मग मुलीला पैजेवर तीच सरासरी सांगायची कुठल्या तोंडाने?

इथे आल्यावर मी पुन्हा शिकले. कॉलेजचा डिप्लोमा केला, आता डेकेअरमध्ये नोंदणीकृत शिक्षिका आहे. काम मला आवडतं. सहाएक पोरांची तोंडं पुसत असताना जिवाणूंची माझी सगळी विद्या कामाला येते. पगार किती? सांगते. २०२४ मध्ये सरकारने आमच्यासाठी किमान दर ठरवला तासाला २३ डॉलर ८६ सेंट. मी त्याच्या जरा वर होते. तुमची मुलं दिवसभर माझ्याकडे असतात आणि पॅनल बदलणाऱ्या मुलीला माझ्याहून पुष्कळ जास्त मिळतं. मला तिचा राग नाही. ती पाच वर्षं शिकली आहे. पण तिच्या कामाचा दर ठरवताना कुणी 'बायकांना आवडतंच ते' असं म्हटलं नसणार.

बघा, मी आकडा सांगितला आणि सभागृह कसं गप्प झालं. मला नेमकं हेच बोलायचंय.

सईने मला युनियनचं दरपत्रक दाखवलं. पहिल्या वर्षाच्या अप्रेंटिसला पूर्ण दराच्या किती टक्के, दुसऱ्या वर्षाला किती, ओव्हरटाइमला किती, सगळं छापलेलं, कुणीही वाचावं. ती म्हणाली, "इथे सगळ्यांना माहीत असतं कुणाला किती मिळतं. तुमच्याकडे?" आमच्याकडे! आमच्याकडे मुलगा बघताना पगार विचारतात, तोही बिचकत, आणि एकदा अक्षता पडल्या की कुणी कुणाला काही सांगत नाही. मी या मंडळात पहिल्यांदा आले तेव्हा याच फराळाच्या टेबलाशी विचारलं होतं, सुरुवातीला किती मागायचे असतात इथे? उत्तर मिळालं, "सेटल व्हाल हळूहळू." प्रेमाने मिळालं, वर चकलीही मिळाली. आकडा मिळाला नाही. मग पहिल्या नोकरीत त्यांनी जो दिला तो घेतला आणि वर थँक्यू म्हणाले.

आपण आपल्या पहिल्या नोकऱ्या लपवतो, राग मानू नका. लिंक्डइनवर गोदाम नाही, डोनटचं काउंटर नाही, रात्रपाळीची सिक्युरिटी नाही. थेट 'सीनियर'पासून सुरुवात. नवीन आलेलं जोडपं ते वाचतं आणि समजतं, अडकलोय ते फक्त आपणच, आपल्यातच काहीतरी कमी आहे. पदव्यांचे फोटो आपण एकमेकांना दाखवतो. पगार न्याय्य आहे की नाही हे मात्र आकडा उघड झाल्याशिवाय कळायला मार्ग नाही. १ जानेवारी २०२६ पासून ओंटारियोत कायदा लागू झालाय. २५ किंवा अधिक माणसं असलेल्या मालकाला जाहिरातीत पगार किंवा पगाराचा पट्टा लिहावाच लागतो आणि 'कॅनेडियन अनुभव हवा' असं लिहिता येत नाही. सरकारला हे कायद्याने करावं लागलं. आपल्याला चहाच्या कपावर करता आलं असतं.

कार्यकारिणीलाही एक चिमटा काढते, अध्यक्ष समोरच बसले आहेत. आपला गुणगौरव. दर गणपतीत टक्केवारीचे आकडे वाचतो, विद्यापीठांची नावं वाचतो, टाळ्या वाजवतो. अप्रेंटिसशिप घेतलेल्या एकाही मुलाचं नाव मी या माइकवरून ऐकलेलं नाही. अशी मुलं नाहीत असं नाही, दोन तरी मला ठाऊक आहेत. त्यांच्या आया फॉर्म भरत नाहीत. फॉर्मवर रकानाच नाही. आणि तिकडे सरकार २०२३ पासून इलेक्ट्रिशियन आणि सुतारांना परदेशातून बोलवायला एक्स्प्रेस एन्ट्रीच्या वेगळ्या फेऱ्या काढतंय!

आता सासूबाई. त्यांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं. पहिला शब्द आला, "वायरमन?" मला हसू आलं, मग राग आला. मी म्हणाले, अहो आई, मामंजी एमएसईबीत लाइनमन होते, त्यांच्याच पगारावर तुमचा मुलगा इंजिनियर झाला, मग नातीने केलं तर कमीपणा कसला? त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "कमीपणा नाही गं. पावसात फोन यायचा आणि हे खांबावर चढायला जायचे. परत येईपर्यंत मी चूल पेटवायची नाही. माझं पोरगं खांबावर चढू नये म्हणून शिकवलं त्याला."

मंडळी, यावर मला बोलता येईना. पदवी म्हणजे पगार, पदवी म्हणजे मान, या सगळ्यावर मी सईशी वाद घालू शकते आणि हरूही शकते. पण सासूबाईंच्या लेखी पदवी म्हणजे जमिनीवरचे पाय होते. ते त्यांना मिळालं. त्यांचा मुलगा गोदामात होता तेव्हाही जमिनीवरच होता.

तर सध्या काय? सध्या बारावीचे विषय निवडायचे आहेत. युनिव्हर्सिटीसाठी लागणारं फिजिक्स आणि गणित घेतलं तर को-ऑपचे, म्हणजे शाळेतूनच कामावर जाऊन भरायचे, तास बसत नाहीत. को-ऑप घेतलं तर युनिव्हर्सिटीचं दार निदान त्या वर्षापुरतं लोटलं जातं. नवरा म्हणतो, फिजिक्स घे, मग बघू. सई म्हणते, तुम्ही 'मग बघू' म्हणालात की ते कधीच बघितलं जात नाही. मी दोघांच्या मध्ये पोळ्या लाटते. ती शेजाऱ्यांची मुलगी असती, तर मी केव्हाच पाठीवर थाप मारली असती, हेही मला कळतं. बांधकामाच्या साइटवर मुली अजून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात आणि तिथल्या गप्पा कशा असतात याचा मला अंदाज आहे. पन्नाशीत तिचे गुडघे काय म्हणतील? पाच वर्षांनी तिला वाटलं, शिकायला हवं होतं, तर? आणि फिजिक्स घेऊन, कर्ज काढून, शेवटी माझ्यासारखं तिलाही कुणी विचारलं, तर?

तुमच्या घरात, नात्यात, ओळखीत कुणी इलेक्ट्रिशियन, प्लंबर, लिफ्टचं काम करणारं असेल, तर मला भेटा. मी फराळाच्या टेबलाशी आहे. 'स्कोप चांगला आहे' असं सांगू नका, पहिल्या वर्षी किती मिळाले आणि दहाव्या वर्षी किती, ते सांगा. आणि जानेवारीत उणे वीसमध्ये पहाटे मुलीला साइटवर सोडून येणारी कुणी आई इथे असेल, तर आधी तिने यावं.