टॉय धुतलं, पण वाळवलं का?

नमस्कार मंडळी. आजचा विषय अठरा वर्षांवरच्यांसाठी आहे. शेजारी लहान मूल बसलं असेल तर व्हिडिओ थांबवा, रात्री निवांत बघा.

कंडोमवरचा व्हिडिओ टाकला तेव्हापासून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. ताई, व्हायब्रेटर, सेक्स टॉय हे सगळं स्वच्छ कसं ठेवायचं? कुणी विचारतंय उकळू का, कुणी विचारतंय सॅनिटायझर मारू का. आणि एका दादांनी लिहिलंय, नाशिकमध्ये बसून असलं बोलायला काही वाटत नाही का? दादा, मी फार्मसिस्ट आहे. लाजेपायी खाज, आग महिनोन्‌महिने अंगावर काढणारी माणसं मी रोज काउंटरवर बघते. कुणी त्यांना वेळेवर सरळ मराठीत सांगितलं असतं तर त्यांचा त्रास वाचला असता, असं वाटतं. म्हणून बोलते.

आता सोपं सोपं पटापट घेऊ. आधी हात धुवा. वापरायच्या आधी टॉय धुवा, वापरल्यावर लगेच धुवा, सकाळवर ढकलू नका. कोमट पाणी, बिनवासाचा सौम्य साबण, खाचाखोचा बोटाने चोळायच्या आणि साबण पूर्ण जाईपर्यंत पाणी घालायचं. मोटर असेल तर आधी बंद करा, चार्जरवरून काढा. वॉटरप्रूफ नसेल तर नळाखाली धरू नका, साबणाच्या ओल्या कापडाने पुसा, मग साध्या ओल्या कापडाने पुसा. खोक्यावर आयपीएक्स ७ लिहिलं असेल तर ते १ मीटर पाण्यात ३० मिनिटं टिकतं, आयपीएक्स ४ म्हणजे फक्त शिंतोडे सहन करतं. झालं.

उकळायचं का? हे टॉय कशाचं आहे त्यावर ठरतं. शुद्ध सिलिकॉन, स्टेनलेस स्टील, बोरोसिलिकेट काच यांच्या पृष्ठभागाला छिद्रं नसतात. मोटर, बॅटरी काहीच नसेल तर ही ५ ते १० मिनिटं उकळता येतात. पातेल्याच्या तळाशी सुती फडकं घाला, म्हणजे सिलिकॉन तळाला लागणार नाही. काच गार पाण्यात ठेवून मग गॅस लावा, गरम पाण्यात एकदम सोडू नका. आणि पातेलं वेगळं ठेवा, भांडी बाजारात छोटं स्टीलचं सहज मिळेल. एका इंजिनिअर मुलाने विचारलंय, नाशिक उंचावर आहे, पाणी १०० डिग्रीला उकळतच नाही, मग? बरोबर आहे तुझं. आपण समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर, त्यामुळे पाणी ९८ डिग्रीच्या आसपास उकळतं. दोन डिग्रीने इथे काही बिघडत नाही. हॉस्पिटलमधलं निर्जंतुकीकरण म्हणजे ऑटोक्लेव्ह, १२१ डिग्रीची दाबाखालची वाफ. घरी तेवढ्याची गरज नसते, कुकरमध्ये घालू नका.

मोटर असलेलं काहीही उकळायचं नाही. काहीही म्हणजे काहीही.

दुसरा गट टीपीई, टीपीआर (रबरासारखं मऊ प्लास्टिक), पीव्हीसी जेली, रबर यांचा. मऊ, स्वस्त आणि सच्छिद्र. यांच्या छिद्रांत जंतू राहतात, कितीही धुतलं तरी हे पूर्ण निर्जंतुक होत नाहीत. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाच्या संशोधकांचा एक छोटा अभ्यास २०१४ मध्ये आला. त्यात टीपीईच्या काही व्हायब्रेटरवर स्वच्छ केल्यानंतर २४ तासांनीही एचपीव्ही विषाणूचा डीएनए सापडला होता. एचपीव्ही म्हणजे ज्याच्यामुळे गर्भाशयमुखाचा कॅन्सर होऊ शकतो तोच विषाणू. त्यामुळे असल्या टॉयवर दर वेळी नवा कंडोम चढवा, दुसऱ्या कुणाला देऊ नका. आणि गुदद्वारात वापरलेलं टॉय धुतल्याशिवाय, कंडोम बदलल्याशिवाय योनीजवळ न्यायचं नाही. हा नियम सिलिकॉनलाही लागू आहे.

आपल्याकडे अडचण अशी की खोक्यावर बॉडी मसाजर एवढंच छापलेलं असतं. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कस्टमच्या एका प्रकरणात बॉडी मसाजरला बंदी असलेली अश्लील वस्तू मानायला नकार दिला, तेव्हापासून हे कायदेशीर आहे का म्हणून बरेच जण विचारतात. तो वेगळा व्हिडिओ होईल. मला सतावतं ते हे, की कशापासून बनवलंय तेच लिहिलेलं नसतं. लिहिलं नसेल तर सच्छिद्र समजा आणि कंडोम वापरा.

आता ज्यासाठी मी कॅमेऱ्यासमोर बसले, ते. वाळवणं.

एका ताईंनी लिहिलंय, रोज धुते तरी वास येतो. मी विचारलं, ठेवता कुठे? उत्तर आलं, प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी मोज्यात, मोजा कपाटात स्वेटरखाली. अहो, धुतल्या धुतल्या ओलं टॉय पिशवीत कोंबलंत तर बुरशीला आणखी काय हवं? ओल, अंधार आणि बंद हवा, तिन्ही तुम्हीच दिलीत. मी दोष देत नाहीये. तीन खोल्यांच्या घरात सासू-सासरे, नणंद, मुलं असताना बाई टॉय टेबलावर वाळत ठेवणार कशी? ती लपवणारच. पण लपवायच्या आधी कोरडं करा, एवढंच माझं म्हणणं.

पाणी कुठे दडतं तेही बघा. वरून कोरडं दिसतं, पण चार्जिंगच्या भोकात, बॅटरीच्या झाकणाच्या आट्यांत, सिलिकॉन आणि प्लास्टिक जुळतात त्या सांध्यात थेंब असतो. तो तसाच राहिला तर पिना गंजतात आणि ओलं असताना चार्जिंगला लावलं तर शॉर्ट होतं. धुतल्यावर जोरात झटका, धागे न सोडणाऱ्या कापडाने टिपा, सांध्यावर टिश्यूचं टोक फिरवा.

आणि आपला पाऊस! जुलै-ऑगस्टमध्ये नाशिकच्या फ्लॅटमध्ये टॉवेल दोन-दोन दिवस वाळत नाही, इगतपुरी-त्र्यंबककडच्यांचं तर विचारूच नका. त्या दिवसांत नुसतं पुसून भागत नाही. खोलीचं दार लावून तासभर पंख्याखाली उभं ठेवा. मग सुती पिशवीत घाला, झिपवाल्या प्लास्टिकच्या पिशवीत नको. बुटांच्या खोक्यात सिलिकाची पुडी येते ना, ती पिशवीत टाका. पिशवी कपाटात खुशाल लपवा, कुणाला काही कळणार नाही. दोन टॉय एका पिशवीत एकमेकांना चिकटून ठेवू नका, मऊ मटेरियल खराब होतं.

गच्चीवर उन्हात ठेवू का, असंही विचारलंय. उन्हाने टीपीई बिघडतं, आणि उन्हात ठेवलं म्हणजे निर्जंतुक झालं असं नाही. सावली, हवा, वेळ. पुन्हा सांगते, धुणं दोन मिनिटांचं काम आहे, वाळवायला तासभर द्या.

यूव्ही बॉक्स, म्हणजे अतिनील प्रकाशाने जंतू मारणारी पेटी, त्याबद्दल थोडक्यात: प्रकाश पडतो तेवढ्याच भागावर काम होतं, खाचेत सावली राहते. धुण्याला तो पर्याय नाही.

आणि ते जखमेवरचं अँटिसेप्टिक! कृपा करून टॉय त्यात भिजवू नका. दुकानात एक मुलगी पुन्हा पुन्हा बुरशीचं क्रीम न्यायला यायची. शेवटी मी तिला बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा कळलं की टॉय रोज रात्रभर अँटिसेप्टिकमध्ये असायचं. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. बुरशी नव्हतीच, रसायनाने त्वचा चिडली होती. योनीचा पीएच ३.८ ते ४.५, म्हणजे आम्लधर्मी असतो, तिथले लॅक्टोबॅसिलस जिवाणू तो राखतात. अँटिसेप्टिक, सॅनिटायझर, वासाचा साबण यांचा अंश राहिला की तो समतोल बिघडतो. सच्छिद्र टॉय तर हे सगळं शोषून घेतं.

निसरडं व्हावं म्हणून खोबरेल तेल लावलं तर लॅटेक्सचा कंडोम कमजोर होतो, फाटू शकतो. सिलिकॉनच्या टॉयला सिलिकॉनचं ल्युब्रिकंट (निसरडं करणारं जेल) लावलं तर पृष्ठभाग खराब होतो. दोन्ही वेळा पाण्यावर आधारित ल्युब्रिकंट घ्या.

खाज, आग, वेगळ्या वासाचा स्राव, ओटीपोटात दुखणं, ताप, यांपैकी काही असेल तर टॉय बाजूला ठेवा आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. पुरुषांनी त्वचारोग आणि गुप्तरोगाच्या डॉक्टरांना दाखवा. माझ्याकडे क्रीम मागायला नंतर या.

टॉय चिकट झालं, रंग उडाला, चीर पडली, धुऊनही वास राहिला तर टाकून द्या. कसं टाकायचं याचीच कित्येकांना धास्ती असते, म्हणून जुनं तसंच वापरत राहतात. मोटर नसेल तर कागदात गुंडाळून घंटागाडीच्या सुक्या कचऱ्यात द्या. चार्जिंगवालं मात्र तिथे टाकू नका, लिथियमची बॅटरी दाबली गेली तर पेट घेते. ते जुन्या मोबाईल-चार्जरबरोबर ई-कचऱ्यात द्या.